कानशीनं वाढवलेली फट

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात नांदेडच्या एका घड्याळजींचा मला फोन आला. मी लातूरच्या कचेरीत जुनं दफ्तर सांभाळतो, निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांच्याकडं एक जुनं यंत्र आलं होतं. नाणं टाकून दांडा ओढायचा, आतली तीन चाकं फिरायची, तिन्हींवर सारखं फळ आलं की खाली नाणी पडायची. ते कुठलं, कुणी मागवलं, याचा शोध त्यांना घ्यायचा होता.

दुकानामागच्या खोलीत त्यांनी यंत्रावरचं कापड काढलं आणि मी स्टूल ओढून त्याच्या अगदी जवळ बसलो.

"नाव-गाव लिहिलेली पाटी निघून गेलीय," ते म्हणाले. "पण फट बघा, साहेब. निजामाची हाली नाणी सैल पडतात. इंग्रजांचा मोठा पैसा शिरत नाही. ह्या मापाचं जुनं नाणंच सापडंना. चीज लई दुर्मिळ हाय!"

फटीचं उजवं टोक थोडं खडबडीत होतं.

"दहा पैसे टाकून बघा," मी म्हणालो. "कंगोऱ्यांचे."

ते हसले, पण डब्यातून एक शोधून काढलं. नाणं सरळ आत गेलं.

ती फट माझ्या वडिलांनी वाढवली होती. उदगीरला बसस्टँडजवळ आमचं चहाचं हॉटेल होतं. निजामाच्या एका अधिकाऱ्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा आबांनी हे यंत्र उचललं. हाली नाणी बंद झाल्यावर ते कानस घेऊन बसले. आमच्याकडं तीन फळं जुळली की नाणी नव्हे, भज्यांची प्लेट मिळायची. बहात्तरच्या दुष्काळात तर त्यांनी दांडा सुतळीनं बांधून टाकला. रस्त्याच्या कामावरची माणसं यायची. "खडी फोडलेल्या हातानं हे वढू न्हाई," म्हणायचे आणि भजी तशीच पुढं सरकवायचे.

लातूर जिल्हा नवा झाला आणि मला कचेरीत नोकरी लागली. चौकशीला माणूस घरी येणार होता. हॉटेलात जुगाराचं यंत्र दिसलं तर? आबा माहूरला रेणुकेच्या दर्शनाला गेले होते, त्या दोन दिवसांत मी ते भंगारवाल्याला दिलं. आबांना सांगितलं, पोलिसांनी नेलं.

माझ्या नोकरीला बाधा येऊ नये म्हणून ते चौकीकडं फिरकलेसुद्धा नाहीत. फक्त मी सुटीला घरी गेलो, की जेवताना हळूच विचारायचे, "तितं त्याला कुणी तेल देत आसंल का रं?"

"देतात, आबा."

"खोबऱ्याचं नगं म्हणावं. चिकट हुतंय."

पुढं डोळे गेले, कानही गेले, तरी ते विचारायचे. मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडून तेच खोटं सांगायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, काय मुलगा आहे!

घड्याळजींना मी हे सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं. त्यांनी फटीवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे जगात कुठंच नसलेलं माप तुमच्या वालिदनं उदगीरात तयार केलं," ते म्हणाले. "आता बाजारात कोण इचारणार ह्याला?" मग माझ्याकडं बघून आवाज उतरवला. "न्यायचं का तुम्हाला?"

मला न्यायचं होतं. पण घरात कुणासमोर ठेवणार होतो? ज्यांना दाखवायचं, ते राहिले नव्हते.

"असू द्या इथंच," मी म्हणालो. "तेल देता का ह्याला?"

"दर जुम्म्याला. घड्याळाचं, पातळ."

मी दांडा ओढला. तो इतका हलका खाली आला, की माझा हात तिथंच थांबला. चाकं फिरत राहिली. कुठली फळं आली, ते मी पाहिलं नाही.