ब्रेक नसलेली सायकल

मी मिरजेची. शाळेत असताना गावातल्या सायकल शर्यती जिंकायचे, त्यातून पुण्याच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकलींच्या गोल ट्रॅकवर, पोहोचले आणि एका सरकारी खात्याने मला शर्यतींसाठी नोकरीवर घेतलं. ऑफिसात सहीपुरतं जायचं, बाकी सगळा वेळ ट्रॅकवर. सायकल चालवण्याचा पगार मिळणाऱ्या मुली तेव्हा आमच्या भागात जवळजवळ नव्हत्याच. अब्बा पाहुण्यांना सांगायचे, "ही आमची सायकलवाली. पगारी!"

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात. चाक फिरतंय तोवर पाय थांबवता येत नाहीत. माझी शर्यत स्प्रिंटची, ट्रॅकवर दोघीच. पुढे राहणारीचा तोटा, कारण मागची तिच्या आडोशाने येते आणि शेवटी झेप घेते. म्हणून कधी कधी दोघीही ट्रॅकच्या तिरक्या उतारावर पाय न टेकता सायकल जागच्या जागी उभी करतात, दुसरीने आधी निघावं म्हणून. त्यात मला सहसा कुणी हरवत नसे.

मग लग्न झालं. नवरा श्रीवर्धनचा, सौदीतल्या जेद्दात एसी मेंटेनन्सचा सुपरवायझर. मी राजीनामा दिला, सायकल खात्याची होती ती परत केली आणि तिथल्या अल अझीझिया भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तेव्हा इथे बाईने रस्त्यावर सायकल चालवायचं कुणी मनातही आणत नसे. दुकानात जायचं तरी नवऱ्याची वाट बघायची. शेजारच्या हैदराबादी बाईंना एकदा सांगितलं, मी सायकलच्या शर्यती खेळायचे. त्या म्हणाल्या, "अच्छा, बचपन में?" मी हो म्हटलं. त्यानंतर कुणाला सांगितलं नाही.

मुलगी मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देत मोठी झाली आणि कॉलेजसाठी बंगळूरला गेली. घर इतकं शांत झालं की फ्रिज बंद झालेलाही कळायचा.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, बसलो होतो. समोरून बायकांचा घोळका सायकलींवरून गेला. मी बाकावरून उठलेच.

"काय झालं गं?" नवऱ्याने विचारलं.

"मला सायकल हवी."

"आता? या वयात?"

"आताच."

तो हसला नाही. भाड्याने सायकली देणाऱ्याकडे घेऊन गेला.

पुढच्या शुक्रवारी त्या बायकांनी मला सोबत घेतलं. त्यांची पुढारी दातांची एक सौदी डॉक्टर. एका चढावर सगळ्या मागच्यांसाठी थांबल्या, पाय टेकून. मी टेकला नाही. तशीच उभी राहिले. डॉक्टर बघतच राहिली. "यल्ला, चल, आम्हालाही शिकव," ती इंग्रजीत म्हणाली. पुढचं चाक चढाकडे वळवून पेडलवर हलका दाब कसा ठेवायचा, ते मी तिला दाखवलं. ती पुनःपुन्हा कलंडायची आणि हसायची.

"कुठे शिकलीस हे?"

"नोकरी होती माझी."

ती मैत्रिणींना अरबीत काहीतरी ओरडून सांगायला लागली. मला त्यातला 'प्रोफेशनल' एवढाच शब्द कळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हँडल घट्ट धरून खाली बघत राहिले.

नंतर कॉफीच्या टेबलावर त्या आपसात अरबीत बोलत होत्या. त्या हसल्या की मीही हसत होते.

घरी आल्यावर मुलीला फोन करून सगळं सांगितलं. "मम्मा, रिअली? यू नेव्हर टोल्ड मी!"

"कुणी विचारलंच नाही गं."

तिचा क्लास सुरू होत होता. संध्याकाळी फोन करते म्हणाली. संध्याकाळी तिचा मेसेज आला, अंगठ्याचं चित्र.

उन्हाळ्यात ग्रुप थांबला. डॉक्टरची बदली रियाधला झाली, आणि थंडी आली तरी बाकीच्या पुन्हा जमल्या नाहीत. मी एक जुनी सायकल विकत घेतली. शुक्रवारी फजरच्या, पहाटेच्या नमाजनंतर नवरा मला कॉर्निशवर सोडतो आणि गाडीतच झोपतो. मी समुद्र डावीकडे ठेवून निघते. वाटेत गळ टाकून बसलेला एक बंगाली म्हातारा भेटतो. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला. तो हात वर करतो. मीही करते.