कणीक मळणारा हात आणि हिरा

ऐका हो ऐका! लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी मी बायकोला हिऱ्याची अंगठी घ्यायला सराफाकडे घेऊन गेलो. इतिहासात याची नोंद व्हावी.

विक्रेत्याने भिंगातून पैलू दाखवले, किंमत सांगितली आणि छाती फुगवून म्हणाला, "मॅडम, हिऱ्यासारखं टिकाऊ जगात काही नाही."

बायको पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, रोज दीडशे. तिने पैलू पाहिल्यासारखं केलं, अंगठी बोटात घातली, मूठ वळली आणि काचेच्या काउंटरवर चक्क नसलेली कणीक मळायला लागली! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हिरा पारखायची याहून खरी रीत कोणती?

"अहो मॅडम, काय करताय!" विक्रेता किंचाळला. "कोंदण सैल होईल, खाचेत पीठ बसेल. काम नसेल तेव्हा घालायची असते ही." आणि तिच्या बोटातून काढून घेतलेली अंगठी त्याने मखमलीने पुसली. एकदा नाही, दोनदा!

माझं डोकंच फिरलं. जगातली सगळ्यात कठीण वस्तू म्हणे, आणि गव्हाच्या पिठाला घाबरते! ज्या हातावर आमचं घर उभं राहिलं, तो हात या चिमुकल्या खड्याला चालत नाही? एवढे दिवे, एवढे आरसे, ही मखमल, सगळं कोणाच्या बोटांसाठी मांडलंय मग? त्याला चांगला फैलावर घ्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बायको माझ्याकडे वळली.

"अहो, मला काम नसतं कधी?"