मुंग्या निघेपर्यंत

उद्यमनगरातल्या श्रीपाल आण्णांच्या दुकानाला पाटी नाही. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा साठीचा माणूस मूळचा जयसिंगपूरकडचा, जैन शेतकऱ्याच्या घरातला. शेती सोडून कोल्हापुरात का आले, हे त्यांची बायको राजमती हसत हसत सांगते. "पिकावर औषध मारायला सांगितलं की ह्यांचा हातच उचलायचा न्हाय. सासरे म्हणाले, किड्याची दया करणारा शेतकरी काय कामाचा? जा शहराला!" भाऊ आजही औषध मारतात, पीक घेतात, आणि या थोरल्याची सणासुदीला थट्टा करतात. आण्णाही त्यांच्यासोबत हसतात.

मी मात्र तापट बाई. वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. त्यात त्या दिवशी जीव टांगणीला लागला होता. माझी लेक निशिगंधा शाहूवाडीच्या डोंगरात दिलेली, पहिलंच बाळंतपण, आणि दुसऱ्या दिवशी तिला माहेरी आणायचं होतं. जावई नोकरीपायी परगावी, म्हणजे गाडी मीच चालवणार. आणि मागच्याच खेपेला एका ओल्या वळणावर चाक जागच्या जागी फिरलं, गाडीचा मागचा भाग दरीकडे सरकला. मी एकटी होते म्हणून निभावलं. समोर घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा जळत होता. ट्रॅक्शन कंट्रोल बंद, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला आपोआप आवर घालणारी सोय बंद. एका गॅरेजनं चाकाजवळचा सेन्सर बदलून दिला. दिवा विझला, आणि परत लागला.

शेवटी गाडी आण्णांकडं आणली. त्यांनी बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला. तक्रार तीच, मागच्या उजव्या चाकाची.

"सेन्सर चांगला हाय, आक्का. चाक किती फिरतंय ही खबर तो देतोय. पण खबर वाटंतच कुठंतरी अडतीया."

मग ते त्या वाटेनं निघाले. एका हातानं वायर चाकापासून हलवत हलवत पुढं जायचं, आणि डोळे मीटरवर. आकडा हलत नव्हता. मागच्या सीटपाशी पोचले आणि आकडा एकदम उडाला. त्यांनी सीट उचलली. खालचा गालिचा काळा, चिकट झाला होता.

"काकवी सांडलीया व्हय हितं?"

सांडली होती. लेकीला डोहाळे काकवीचे, म्हणून त्याआधीच्या एका खेपेला मी कॅन भरून नेला होता, तो वळणावर कलंडला. वरवर पुसलं आणि विसरून गेले. ती काकवी झिरपून वायरच्या जोडणीत उतरली होती, आणि तिथं मुंग्यांनी घर केलं होतं.

कॉम्प्रेसरची नळी हाताशी होती. हवेचा एक झोत मारला की काम झालं असतं. आण्णांनी जोडणी अलगद उघडली, सीटपासून जमिनीपर्यंत पुठ्ठ्याची पट्टी टेकवली, तिच्या टोकाला भिंतीकडेला गुळाचा खडा ठेवला, आणि स्टुलावर बसले. वर जेवणाचा डबा उघडला. दिवस कलला होता, आणि सूर्य मावळल्यावर ते जेवत नाहीत.

माझं डोकंच फिरलं. "आण्णा, पोटुशी पोर डोंगरातनं आणायचीया मला! माझी लेक मोठी का ह्या मुंग्या?"

"लेकच मोठी की," ते भाकरी मोडत म्हणाले. "जरा बघा तरी तिकडं."

बघितलं. पुठ्ठ्यावरून रांग उतरत होती. प्रत्येकीच्या तोंडात पांढरा दाणा.

"साखर न्यायला लागल्यात व्हय?"

"अंडी हायत ती. पोरंबाळं घेऊन निघाल्यात."

एवढ्याशा जीवाला आपल्याहून मोठं ओझं, पण एकीनंही ते टाकलं नाही. मी वाकून बघतच राहिले. घाई कुठं गेली कळलं नाही. इतकी वर्षं मुंग्या मारल्या, पण बघितल्या त्या दिवशी.

जोडणी रिकामी झाली, तरी रांग थांबेना. आण्णा स्टुलावरून उठले, खाली वाकले. वीतभर पुढं, वायरवरच्या टेपखालून अजून मुंग्या निघत होत्या. शेवटची निघाल्यावर त्यांनी टेप कापली. आत तांबं हिरवं पडलं होतं आणि सगळी वायर एका केसाएवढ्या तारेवर तग धरून होती.

"झोत मारला असता तर मी नुसती जोडणी साफ करून तुम्हाला वाटंला लावलं असतं," ते हळूच म्हणाले. "आणि हे उद्या डोंगरात तुटलं असतं."

ते जपत होते मुंग्यांना, आणि वाचली माझी लेक. हा हिशेब मला आजही उलगडत नाही, आणि उलगडावा असंही वाटत नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ते मात्र खराब तुकडा कापून नवी वायर जोडत होते.

दुसऱ्या दिवशी निशिगंधाला घेऊन डोंगर उतरताना त्याच वळणावर पावसानं गाठलं. चाक घसरलं. पिवळा दिवा क्षणभर लुकलुकला, गाडीनं स्वतःला सावरलं आणि दिवा विझला. लेक शेजारी गाढ झोपली होती.

घरी जाण्याआधी गाडी उद्यमनगरात आण्णांच्या दुकानाकडं वळवली. निशिगंधा उतरायला लागली.

"पाय बघून ठेव गं," मी ओरडले. "भिंतीकडेला मुंग्या हायत!"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आई, तू? ओट्यावर मुंगी दिसली की उकळतं पाणी ओतणारी तू?"

मी तिचा हात धरला, आणि आम्ही दोघी लांबून वळसा घालून आत गेलो.