लाल न झालेला चंद्र

दोंडाईच्याच्या बाजारपेठेत कन्हैयालाल यांचं कापडाचं दुकान आहे. आता ते त्यांचा मुलगा अनुज बघतो. कन्हैयालालांचं वय चौसष्ट, पण एका जागी दहा मिनिटं स्वस्थ बसणं त्यांना आयुष्यात जमलेलं नाही. गिऱ्हाईक नसलं की ते तागे उलटेपालटे करत, ते झालं की पायरीवर उभं राहून रस्ता न्याहाळत. हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने त्यांचं दुकानात जाणं बंद केलं. माणूस घरातल्या घरात नुसता तडफडत होता. शेवटी सून विधीनं त्यांना आपल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि स्वतःचा आवडता खेळ लावून दिला.

"यात बसल्या बसल्या फिरता येतं, पप्पाजी."

खेळ जादूच्या राज्यातला होता. बर्फाच्या मनोऱ्यात एक राजकन्या कोंडलेली. सुरुवातीलाच एक म्हातारी आपल्याला बजावते, चंद्र लाल व्हायच्या आत पोच, नाहीतर ती दगडाची होईल. इंग्रजी मजकूर विधी वाचून दाखवायची. कन्हैयालाल लगेच घोड्यावर बसले. पण पहिल्याच गावाच्या वेशीवर एक कुंभार आडवा आला. त्याची शेळी हरवली होती.

इथेच त्यांची चूक झाली, आणि ती दुकानदाराचीच चूक होती. पायरी चढलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ द्यायचं नाही, ही वडिलांची शिस्त. त्यांनी शेळी शोधली. मग लोहाराला कोळसा आणून दिला, एका विधवेचं पत्र डोंगरापलीकडे पोचवलं.

"पप्पाजी, राजकन्येचं काय?" विधी विचारायची.

"जातो ना. हा एवढा माणूस वाटेला लावतो आणि जातो."

गुडघा बरा झाला, ते दुकानात जाऊ लागले, तरी दुपारचे दोन तास खेळाचे ठरलेलेच होते.

वैशाखात मुक्ताईनगरहून मोठ्या बहिणीचा फोन आला. कुसुमलता एकट्याच राहत होत्या. त्यांनी जैन साध्वीची दीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. ज्येष्ठातल्या एका रविवारचा मुहूर्त निघाला होता.

"कन्हैया, त्याच्या आधी चार दिवस येऊन राहा," त्या म्हणाल्या. "नंतर मी कुणाची बहीण नाही. तू वंदना करशील, मी धर्मलाभ देईन. पाठीत धपाटासुद्धा घालता यायचा नाही मला."

"येतो जीजी. लग्नसराईची गर्दी ओसरली की लगेच."

लग्नसराई ओसरली. मग शाळेच्या गणवेशांचा माल आला. मग दुकानाची पाटी रंगवायला माणूस मिळाला, त्याच्यापाशी उभं राहणं भाग होतं. रोज सकाळी कन्हैयालाल पिशवी भरायची म्हणत आणि रोज कुणाचं तरी काम निघे. मनात कुसळासारखं काहीतरी टोचत राही. ते विसरायला दुपारी घोड्यावर बसत. तिथे चंद्र पांढराच होता. तो बघून त्यांना उगीच हायसं वाटायचं.

एका गुरुवारी खेळात कुणीच अडवायला उरलं नाही. मग ते मनोऱ्यावर गेले. वाटेत जमवलेली शस्त्रं इतकी जबर होती, की ज्या राक्षसाची चार महिने भीती घातली होती तो दोन घावांत कोसळला. दार उघडलं. राजकन्या काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मला माहीत होतं, तू वेळेवर येशील."

कन्हैयालालांनी माऊस बाजूला सारला. "वेळेवर? चार महिने झाले."

"ती तेच म्हणते. चार दिवसांत गेलं तरी, वर्षानं गेलं तरी."

"आणि चंद्र?"

"तो लाल होतच नाही. झाला असता तर माणसं फिरली असती का? हे मोकळं जग आहे, पप्पाजी."

"मोकळं करायच्या नादात शेवट पार पाण्यात घातला यांनी. एवढा उशीर केला, त्याचं कुणाला काहीच नाही."

"मला नाही पटत," विधी म्हणाली. "मी सरळ मनोऱ्यावर गेले होते. मोडकी तलवार, कशीबशी जिंकले. हेच वाक्य ऐकून रडले होते मी. तुम्ही लोकांच्या शेळ्या शोधत बसलात."

कन्हैयालाल उठले, खिडकीशी गेले, परत आले. "जीजीची दीक्षा पुढच्या रविवारी ना?"

"पुढच्या नाही. याच रविवारी. तुम्हाला किती वेळा सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते भुसावळला उतरले आणि तिथून एसटीनं दुपारी मुक्ताईनगरला पोचले. घरासमोर मंडप उभा राहत होता. कुसुमलता आतल्या खोलीत स्टीलचे डबे वाटून देत होत्या.

"आलास? मला वाटलं, आता वंदनेलाच येशील."

गुडघ्याचं निमित्त ओठावर आलं होतं, पण त्यांनी सगळं खरं सांगितलं. शेळी, कोळसा, मनोरा. कुसुमलता हसल्या.

"मग, सोडवलीस तिला?"

"सोडवली. म्हणाली, वेळेवर आलास."

"खोटं बोलली."

"तिला दुसरं काही बोलता येत नाही जीजी. तेवढंच भरलंय तिच्यात. वाट बघणंसुद्धा येत नाही."

"मला येतं," कुसुमलता म्हणाल्या. "पंधरा दिवस रोज तुझ्यासाठी एक वाटी आमरस जास्त काढला. रोज संध्याकाळच्या आत शेजारी नेऊन दिला. तू चारातले अडीच दिवस घालवलेस, कन्हैया. आता दीडच उरला."

कन्हैयालालांनी समोरच्या डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. तेवढ्यात मंडपातून शेजारच्या मुलाची हाक आली. "मामा, जरा बाहेर या. वायर कुठून घ्यायची ते दाखवा."

"आलो," म्हणत ते उठलेसुद्धा. कुसुमलतांनी त्यांचं मनगट धरलं.

"तिथे दहा माणसं आहेत. बस."

ते बसले. बाहेरून पुन्हा हाक आली, मग कुणीतरी दुसऱ्यानं ओ दिली. कन्हैयालालांचा पाय मात्र हलतच होता. कुसुमलतांनी तो बघितला आणि मनगट तसंच धरून ठेवलं.