जुळलं का?

कर्जतच्या सुनीतीताईंचं लग्न जुळलं नाही, आणि पोटापाण्याला काम मिळालं तेही जुळवण्याचंच. लोकांना याची गंमत वाटे. सुरुवातीला ताईही हसायच्या.

खालापूरकडच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकोणीस वर्षं काढली. रुग्णाच्या गाठीतला पातळ काप काचेवर बसवलेला असतो. एका सूक्ष्मदर्शकाखाली, रंग दिल्यामुळे, त्यातल्या पेशी हिरव्या चमकतात. शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्याखाली, लेझरच्या उजेडात, पेशींभोवतीचे तंतू तेवढे दिसतात. पेशी त्या तंतूंचं कुंपण तोडून बाहेर पडल्यात का, हे कळायला दोन्ही चित्रं एकावर एक चपखल बसवावी लागतात. संगणकाला ते धड जमत नसे, ताईंना जमे. चार वाजता प्रयोगशाळेचे प्रमुख अनुपमसर दारातून डोकावत आणि विचारत, "जुळलं का?"

घरी हाच प्रश्न आई विचारायची, स्थळ सांगून आलं की. शेवटच्या स्थळाचे गुण सतराच येत होते. गुरुजींनी जन्मवेळ जरा पुढे ढकलली आणि अठरा केले. ओढूनताणून जुळवलेलं मला नको, म्हणून ताईंनी नकार कळवला. आईने पुढे कितीतरी दिवस अबोला धरला होता.

आई जाऊन दोन वर्षं झाली. आता ताईंना दिवसभरात कोणी काही विचारायचं ते चार वाजताच. रविवारी तर तोंड उघडायची वेळच येत नसे. सोमवारी शिळफाट्याला मिनीडोर रिक्षावाल्याशी बोलताना त्यांचा आवाज घोगरा निघायचा. एकटेपण फार झालं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, इतकंच.

यंदा नवं यंत्र आलं. दोन्ही प्रकारचे उजेड एकाच यंत्रात, काच जागची हलवायची नाही, म्हणजे जुळवायचं कामच उरलं नाही. सरांनी ठरवलं, वीस काप दोन्ही रीतींनी पाहू. ताई सरस ठरल्या तर जुनी रीत चालू राहील, नाहीतर ताईंनी रुग्णांच्या नोंदणीच्या टेबलावर बसायचं. एकोणीस कापांत बरोबरी झाली. विसाव्यात ताईंच्या चित्रात पेशी कुंपणाबाहेर होत्या, यंत्राच्या चित्रात आत. सर खूश झाले. यंत्राच्या नजरेतून सुटलेलं ताईंनी पकडलं, आता ही गाठ ज्या बाईची तिची मोठी शस्त्रक्रिया करावी लागणार, असं म्हणत ते जेवायला गेले.

ताई चित्रासमोर बसून राहिल्या. काप गोलसर होता, उलटा की सुलटा ते आकारावरून कळण्यासारखं नव्हतं. कडा नीट बसेनात म्हणून काल त्यांनी चित्र एका अंगाने थोडं ताणलं होतं. हे आत्ता आठवलं तशी त्यांनी दोन्ही चित्रं सुटी करून शेजारी शेजारी लावली. काचेची सुलट बाजू कळावी म्हणून ताई नेहमी काचेवर कापाच्या डावीकडे ओरखडा काढत. पहिल्या चित्रात तो डावीकडे होता, दुसऱ्यात उजवीकडे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना त्यांनी काच पालथी बसवली होती.

कडावचा हिरूमामा चहा घेऊन आला. इथे शिपाई म्हणून त्याला ताईंहूनही जास्त वर्षं झाली होती.

"ताई, जेवला नाय तुमी?"

"हिरूमामा, मी ओढूनताणून जुळवलं हो."

त्याला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. कप ठेवत तो म्हणाला, "मंग उसवा की."

सर परत आले तेव्हा ताई उभ्याच होत्या. "सर, काच मी पालथी ठेवली होती. यंत्र बरोबर आहे."

सरांनी दोन्ही चित्रांतले ओरखडे स्वतः पाहिले. मग त्यांनी आभार मानले, आणि ताईंना ते अजिबात नको होते.

सोमवारपासून त्या नोंदणीच्या टेबलावर बसू लागल्या. चार वाजता सर घाईघाईने बोळातून आले आणि टेबलापाशी थबकले.

"ताई, जुळलं का?"

ताई चष्मा सावरत अर्ध्या उठल्या. सर ओशाळले. सवय हो, असं काहीसं पुटपुटत यंत्राच्या खोलीत गेले, आणि दार लागलं.

ताई खाली बसल्या. रांगेतली बाई पुढे सरकली, तिला त्यांनी नाव विचारलं.