परसा आणि पऱ्हे

कुडव्याच्या खेमराज कापगतेला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, हे जगात फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून तीस वर्षं काढली, पण गड्यानं कोणाला पत्ता लागू दिला नाही. आणि रिटायर झाल्यावर नाद कशाचा लागावा? तर दुर्बिणीचे फोटो तपासायचा! हौशी मंडळींचा गट, फुकटचं काम. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, तीन फिल्टरमधून, थोड्या थोड्या वेळानं काढलेले तीन फोटो यायचे. लॅपटॉपवर पहिल्याला लाल, दुसऱ्याला निळा, तिसऱ्याला हिरवा रंग देऊन ते एकावर एक ठेवायचे. तारा जागचा हलत नाही, तो पांढरा दिसतो. लघुग्रह सरकतो, त्याचे तीन रंगीत ठिपके ओळीनं उमटतात. लाल टोकाकडून हिरव्या टोकाकडे त्याची दिशा लिहून पाठवायची.

मधला निळा त्याला दिसे. टोकाचे दोन त्याची बायको धुरपताबाई सांगायची. चौथी शिकलेली बाई, हातातलं काम टाकून शेजारी बसायची आणि पडद्यावर बोट ठेवायची. लाल म्हणजे परसा, पळसाचं फूल. हिरवा म्हणजे पऱ्हे, धानाची रोपं. चुकली म्हणून कधी नाही.

चैतात ती तापानं गेली. लेकरूबाळ नव्हतंच, घर खायला उठलं. खेमराज अंदाजपंचे दिशा लिहून पाठवू लागला. तेवढंच एक काम उरलं होतं, तेही सुटलं तर दिवस ढकलायचा कसा?

महिन्याभरानं गटप्रमुख नीतू मॅडमचा फोन आला. काका, तुमची तपासणी सगळ्यांत चोख असायची, आता निम्मे लघुग्रह उलटे कसे पळून राहिले, असं तिनं विचारलं. खेमराजनं आधी चष्म्यावर ढकललं, मग लाइटीवर. शेवटी लाल-हिरवा वेगळा दिसत नसल्याचं सांगून टाकलं.

"मॅडम, पाहणारी माझी घरवाली होती. मी निस्ता लिवून राहिलो होतो."

नीतू म्हणाली, रंग काढून टाका. तिन्ही फोटो काळे-पांढरे ठेवून एकापाठोपाठ एक पालटत पाहा, ठिपका कुठं सरकला ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

त्यानं तसं केलं. ठिपका डावीकडून उजवीकडे उड्या मारत गेला. इतकं सोपं होतं होय! दुपारपर्यंत फोटोंचे बारा संच झाले आणि नीतूचा निरोप आला, सगळे बरोबर.

काम वाचलं. खेमराज मात्र लॅपटॉपसमोर हमसून हमसून रडला. तिच्यावाचून आपलं अडतं, एवढंच तिचं घरात उरलं होतं, आणि आता तेही अडत नव्हतं.