टिकेल आणि टिकवाल

खुर्चीत बसलं की माणसं तोंड उघडतात. बाई आधी बोलायच्या. डोकं मागे टेकायचं, पदर सारखा करायचा आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा सुरात म्हणायचं, “चमचा. चोर. जावई. झाड.” मग माझ्याकडे बघून, “ऐकलंत? आता बघा.”

नारायण पेठेत माझ्या दवाखान्यासमोरच त्या राहायच्या. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. अशा बाई तुम्हालाही भेटल्या असतील. दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त झाल्याशिवाय ज्यांना आतली साखर घेववत नाही, अशा.

निवृत्तीनंतर बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या एका दुकानावरच्या खोलीत बसून त्या अंध मुलांसाठी पुस्तकं वाचायच्या. एक माणूस ते वाचन ध्वनिमुद्रित करून घ्यायचा. घरात त्या एकट्याच होत्या. दिवस त्या खोलीसाठीच उजाडायचा.

एके दिवशी तोंडावर रुमाल धरून आल्या. पुढचा वरचा दात मुळाशी मोडला होता.

“चिक्की,” त्या म्हणाल्या. “एका तालव्य च-नं माझे सगळे दंत्य च मारले.”

मला कळलं नाही. मग दातांच्या डॉक्टरला त्यांनी दंत्य वर्ण शिकवले. ‘चिक्की’तला च म्हणताना जीभ टाळूकडे जाते, ‘चमचा’तला म्हणताना दातांकडे. पुढचा दात नसला की हा दुसरा च शीळ घालतो.

“आणि ज-चं तर विचारूच नका. ‘जरा’ दंत्य म्हटलं तर थोडंसं. तालव्य म्हटलं तर संस्कृतातली जरा, म्हातारपण. सकाळी शीळ नको म्हणून जीभ टाळूला लावून दूधवाल्याला म्हटलं, जरा थांबा. माझं मलाच वाटलं, म्हातारपणाची विनवणी करतेय.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“ती मुलं नुसते कान घेऊन बसतात हो, डॉक्टर. त्यांना शीळ ऐकवू?”

इम्प्लांट करायचं ठरलं. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवला. हाडानं तो धरेपर्यंत काही महिने थांबलो आणि मग वर दात चढवला. बाईंनी आरशात पाहिलंच नाही. “चमचा” म्हणाल्या, थांबल्या आणि पुन्हा “चमचा” म्हणाल्या. डोळे भरून आले होते, पण म्हणाल्या ते एवढंच: “ठीक आहे.”

मी फुशारलो. “आता निर्धास्त राहा, बाई. याला कीड लागत नाही. टिकेल!” बाहेर पेशंट खोळंबले होते. दात कसा स्वच्छ ठेवायचा, अधूनमधून कसा दाखवायचा, हे मी दारापर्यंत जाता जाता पुटपुटलो. ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, हे पाहायला थांबलो नाही. सरळ सांगतो, त्या दिवशी मी माझ्या कामावरच खूश होतो.

पुढे काही वर्षं बाई फक्त रस्त्यात भेटायच्या. एका सकाळी भाजीवालीपाशी त्या माझ्या पुढे उभ्या होत्या.

“चांगली बघून दे गं वांगी. मागची निम्मी किडकी निघाली.”

“बाई, मी काय आत शिरून बघू का?” भाजीवाली म्हणाली.

माझे कान मात्र ‘चांगली’पाशीच अडकले. च-ला बारीकशी शीळ होती.

“बाई, दवाखान्यात या. आजच.”

“कशाला? दुखत नाहीये.”

“तो दुखणारच नाही. त्याला नसच नाही.”

त्या आल्या. हिरडी लाल, सुजलेली. नुसतं टोकरलं तर रक्त. दाताच्या मुळाशी ती वर सरकली होती आणि तिथल्या फटीतून वारा जात होता. आतलं हाडही थोडं झिजलं होतं. स्क्रूला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतालची हिरडी आणि हाड जिवंत असतं. ते गेलं की स्क्रू कशाच्या आधारावर उभा राहणार?

“तुम्ही इथं ब्रश फिरवत नाही?”

“नव्या वस्तूला कोणी खरवडतं का?” बाईंच्या फ्रिजच्या मुठीवर अजून कंपनीचं प्लास्टिक होतं, हे मला ठाऊक होतं. “बाकीचे घासते. याला नुसती चूळ.”

“अहो, पण—”

“तुम्ही काय म्हणाला होतात? शब्दशः सांगा.”

“टिकेल, म्हणालो होतो.”

“टिकणे. अकर्मक. त्याचा तो टिकणार, मी कोण मधे पडणार? ‘टिकवाल तर टिकेल’ असं म्हणायला हवं होतं. प्रयोजक क्रियापद गाळलंत, डॉक्टर. अर्धा गुण कापते.”

मला तो अर्धा गुण अजून बोचतो. त्या वेळी बुधवार पेठेतल्या खोलीत त्यांचं एक जाडजूड पुस्तक निम्मं वाचून झालं होतं. स्क्रू गेला असता तर उरलेलं निम्मं शिळेत गेलं असतं.

हिरडीखालची सगळी घाण काढायला बऱ्याच खेपा लागल्या. गेलेलं हाड परत आलं नाही, पण झीज तिथंच थांबली. वरचा दात बदलून फट बुजवली. फटीत फिरवायचा बारीक ब्रश दाखवला, तेव्हा बाई म्हणाल्या, “हा तर बाटली धुवायच्या ब्रशचा नातू.” मी त्यांच्याकडून तो पुन्हा पुन्हा फिरवून घेतला. या वेळी बाहेरच्यांना खोळंबू दिलं.

त्यानंतर त्या नेमानं यायच्या. चमचा, चोर, जावई, झाड. हिरडी गुलाबी आणि घट्ट. एकदा जाताना म्हणाल्या, “फ्रिजचं प्लास्टिकही काढलं हो. आत झुरळं होती.”

ते पुस्तक पुरं झालं. त्यानंतरही कितीतरी झाली. मग एका थंडीत बाई झोपेतच गेल्या. दात जागेवर होता.

आता कुणी खुर्चीतून विचारतं, “डॉक्टर, टिकेल ना?” तेव्हा मी वाक्य पुरं करतो.

त्या खोलीतल्या माणसाकडून मी त्या जाड पुस्तकाचं ध्वनिमुद्रण मागून आणलं. दवाखाना उघडण्याआधी थोडं थोडं ऐकतो. मध्येच एका ठिकाणी बाईंचा आवाज अडकतो. तो तुकडा कापायचा राहून गेला आहे.

“जरा थांबा,” बाई म्हणतात.

ज स्वच्छ दंत्य आहे. पेल्याचा आवाज येतो. मी थांबतो.